पट्टीला पावसाचं भान
विजयदुर्ग खाडीच्या मुखापासून बरंच आत असलेल्या खारेपाटणात पावसाळी दमटपणा लाकडात मुरतो. ओलाव्याने लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून पावसात बसवलेली चौकटीची पट्टी उन्हाळ्यात आकसते आणि 45 अंशांत जुळवलेला कोपरा आतून फाकतो. मग फटीत लांबी (पुट्टी) भरतात; ती मलमपट्टीच!

दाराच्या चौकटीतली फळी खाचेत मोकळी ठेवावी, चिकटवली तर तडकते. घर पाडताना निघालेला जुना फणस मात्र फेकू नका. तो मुरलेला असतो, नव्यासारखा फारसा वळत नाही. रंधा मारला की काळपट थराखालून पिवळसर रंग निघतो. वाळवीसाठी भिंतीकडच्या न दिसणाऱ्या बाजूला काजूच्या टरफलांचं तेल लावतात. हातमोजे घालूनच, कातडी भाजते.