खोलीवर सवलत की जेवणासह मुक्काम?

सुटीचे बेत सुरू झाले, की नांदेड-लातूरच्या कुटुंबांपुढे दोन प्रकारच्या जाहिराती येतात. एकीत खोलीभाड्यावर २० टक्के सवलत असते, तर दुसरीत नाश्ता व रात्रीचे जेवण ‘मोफत’. कोकण असो वा महाबळेश्वर, मराठवाड्यातून ते रात्रभराच्या अंतरावर. प्रवासावरच बराच पैसा जात असल्याने मुक्कामाचा हिशेब चुकणे परवडत नाही.

प्रथम दरपत्रकातील आद्याक्षरे समजून घ्यावीत. ‘ईपी’ म्हणजे केवळ खोली, ‘सीपी’ म्हणजे खोली व नाश्ता. ‘एमएपी’मध्ये नाश्त्यासह एक जेवण, बहुधा रात्रीचे, तर ‘एपी’मध्ये नाश्ता व दोन्ही वेळचे जेवण येते.

आता एक उदाहरण घेऊ. आई-वडील, आजी व एक मूल यांचा दोन रात्रींचा मुक्काम, खोलीभाडे प्रतिदिन ५,००० रुपये. २० टक्के सवलतीने पाच टक्के जीएसटीसह ८,४०० रुपये होतात. जेवणासह पूर्ण दराने १०,५००. फरक २,१०० रुपयांचा. बाहेर नाश्त्याला माणशी ८० व जेवणाला २२० रुपये धरल्यास चौघांचा दोन दिवसांचा खर्च २,४०० रुपये. म्हणजे जेवणाची योजना ३०० रुपयांनी सरस. मात्र एका रात्री बाहेर जेवल्यास ८८० रुपये वरखर्च होऊन सवलतच ५८० रुपयांनी स्वस्त पडते. ‘मोफत’ जेवण दोघांपुरतेच असेल, तर ती ९०० रुपयांनी स्वस्त ठरते. सारा निर्णय किती ताटे प्रत्यक्षात हॉटेलात वाढली जाणार, यावर अवलंबून आहे.

रात्री निघून सकाळी पोहोचणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. खोलीचा ताबा बहुधा दुपारी मिळतो, त्यामुळे पहिल्या सकाळचा नाश्ता योजनेत बसत नाही. परतीच्या दिवशी पहाटे निघाल्यास अखेरचा नाश्ताही वाया जातो.

करामुळेही पारडे फिरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. कर सवलतीनंतरच्या रकमेवर ठरतो. ८,००० रुपयांची खोली करासह ९,४४० रुपयांना पडते. १० टक्के सवलतीने ती ७,२०० वर येऊन करासह ७,५६० रुपयांना मिळते. सवलत ८०० रुपयांची, बचत मात्र १,८८० रुपयांची.

ठिकाणही पाहावे. माथेरानमध्ये मोटारींना प्रवेश नाही. ज्येष्ठांना प्रत्येक जेवणासाठी बाजारापर्यंत चालवत नेण्यापेक्षा तेथे जेवणासह मुक्काम सोयीचा. महाबळेश्वरात दिवस प्रतापगड व निरनिराळे ‘पॉइंट’ पाहण्यात जातो, दुपारी हॉटेलात परतणे होत नाही. तेथे ‘एपी’चे पैसे कशाला? तारकर्ली-मालवणात घरगुती खाणावळींतील माशांचे जेवण हेच आकर्षण असल्याने नाश्त्यापुरती योजना पुरे.

आरक्षणापूर्वी काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : जेवण किती जणांचे, मुलांना कोणत्या वयापासून आकार, जादा गादीच्या दरात जेवण धरले आहे का, पहिले व शेवटचे जेवण कोणते, आणि न घेतलेल्या जेवणाचे पैसे वजा होतात का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर दिनक्रम आधी ठरवावा आणि योजना नंतर निवडावी.