सही करण्याआधी फॉर्म २६ वाचा

सातारा-सांगलीकडच्या बचत गटांच्या बैठकीत हल्ली पापड-लोणच्याच्या जोडीने ‘पेटंट’ हा शब्दही कानावर पडतो. नवल नाही. हळदीने जखम भरते, यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं आणि आपल्या सीएसआयआरने भांडून ते १९९७ मध्ये रद्द करायला लावलं, हे हळदीच्या सांगलीत कुणाला सांगावं लागत नाही. आजीबाईच्या बटव्यातल्या उपायाला पेटंट मिळत नाही. पण हळकुंडं निवडायचं नवं यंत्र कुणी बनवलं, तर अर्ज करता येतो.

ओळखीच्या एका वहिनींनी नवऱ्याच्या मदतीने असंच यंत्र बनवलं. एका मध्यस्थाने दोन इंग्रजी कागद पुढे केले, “इथं फक्त सही करा.” वहिनी ते घेऊन माझ्याकडे आल्या. “ताई, एवढं वाचून बघा की.”

पहिला होता फॉर्म २६, म्हणजे पेटंट एजंटला दिलेलं मुखत्यारपत्र. त्यावर सही केली की एजंट आपल्या वतीने काम बघतो, हक्क आपलाच राहतो. दुसरा मात्र हक्कच लिहून देण्याचा करार! तो आम्ही परत केला.

बरं, पहिला कागदही डोळे मिटून सही करण्यासारखा नाही. कार्यालयाच्या सगळ्या नोटिसा एजंटच्या पत्त्यावर जाव्यात आणि त्याने आधी केलेलं कामही आपल्याला मान्य आहे, असं त्यात असतं. खरी गोम इथेच आहे. तपासणीचा अहवाल निघाला की सहा महिन्यांत उत्तर द्यावं लागतं, मागितली तर तीन महिने मुदतवाढ मिळते. एजंट गप्प बसला तर अर्ज सोडून दिला असं धरतात, आणि घरी कुणाला पत्ताही नसतो. म्हणून अर्जाचा नंबर मागून घ्याच. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर त्याची स्थिती पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवर दिसते. कॉलेजातली मुलं बघून देतात. एजंट नोंदणीकृत आहे का, तेही तिथल्या यादीत कळतं.

एजंट नेमलाच पाहिजे असं नाही. आपल्या भागाचं कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, तिथे स्वतःही अर्ज करता येतो. पण यंत्राचं वर्णन आणि दावे लिहिणं किचकट, त्याला जाणकारच हवा. नेमलात, तर फॉर्ममध्ये कुठल्या अर्जासाठी ते स्पष्ट लिहा, कोरी जागा ठेवू नका. दोघं अर्जदार असाल तर दोघांच्याही सह्या हव्यात. अर्जापासून तीन महिन्यांत हा फॉर्म द्यायचा असतो. आणि एजंट पटला नाही तर दुसऱ्याच्या नावे नवा फॉर्म २६ भरा. त्याच कामाचं जुनं मुखत्यारपत्र रद्द, असं त्या फॉर्ममध्येच छापलेलं असतं.