वाद्य हलवायचे की पुन्हा घडवायचे?

चर्चमधला छोटा पाइप ऑर्गन दुसऱ्या गावी न्यायचा म्हणजे कपाट हलवणे नव्हे. तो नव्या जागी पुन्हा घडवावाच लागतो. हार्मोनियमच्या पेटीतला सूर धातूच्या पट्टीचा असतो, त्यामुळे ती एका गावाहून दुसऱ्या गावी नेली तरी फारशी बिघडत नाही. पाइप ऑर्गनमध्ये गाते ती नळीतली हवा. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि सूर चढतो. हिवाळ्याच्या पहाटे १० अंशांवर जुळवलेल्या नळ्या वैशाखात ४० अंशांवर जवळजवळ अर्धा स्वर वर जातात. शिवाय कोरड्या हवेत लाकूड आकसते, भात्याचे कातडे चिरते. पावसाळ्यात दोन्ही फुगतात.

फिलिपिन्समधल्या लास पिन्यासचा बांबूचा ऑर्गन याची साक्ष देतो. दिएगो सेरा या पाद्र्याने तो १८२४ मध्ये पूर्ण केला. त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या. १९७३ मध्ये तो सुटा करून दुरुस्तीसाठी जर्मनीत बॉनला, योहान्नेस क्लाइस कंपनीच्या कारखान्यात नेण्यात आला. तिथे त्याच्यासाठी फिलिपिन्ससारखे उष्ण-दमट हवामान मुद्दाम राखले होते. १९७५ मध्ये तो परतला. एवढी यातायात कशाला, इलेक्ट्रॉनिक ऑर्गन स्वस्त पडेल, हा आक्षेप खोटा नाही; देखभालीला माणूस नसेल तिथे तोच घ्यावा. पण त्याचा आवाज कर्ण्यातून येतो, नळ्यांचा मात्र त्या वास्तूच्या भिंती-छताशी जुळवून घेतलेला असतो. म्हणूनच जुना ऑर्गन नव्या चर्चमध्ये उभारताना कारागीर एकेका नळीचे तोंड पुन्हा जुळवून पाहतो. आणि या कामात बराच वेळ जातो.