पेनड्राइव्ह उपटण्याआधी
लोणार तालुक्यातल्या सुलतानपुरात झेरॉक्सच्या दुकानावर पेनड्राइव्हमध्ये फोटो घेतले, पडद्यावरची पट्टी भरली, की हात लगेच ड्राइव्हकडे जातो. जरा थांबा! डेटा कधीकधी अजून मेमरीतच असतो, लिहिण्याच्या विनंत्या रांगेत. डेटा साठवणारी साधने मुळात मंद: मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्डडिस्कला अर्ध्या फेरीलाच सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात प्रोसेसरची कोटभर स्पंदने होतात, म्हणून तो ताटकळत नाही. विनंती सोपवून पुढच्या कामाला लागतो. प्रलंबित विनंत्यांची मोजदाद मात्र ठेवावी लागते. ड्राइव्ह ‘सुरक्षित काढा’ म्हटल्यावर संगणक बाहेरच्या नव्या विनंत्या थांबवून आकडा शून्यावर येण्याची वाट पाहतो. खरी गोम इथेच आहे. पूर्ण होणारी विनंतीच कधी नवी जन्माला घालते, जसे फाइलच्या आकाराची नोंद. त्यामुळे शून्य एकदाच तपासून भागत नाही.