पिंपरीच्या मातीतलं औषध

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी तिथल्याच मातीतून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना हा जिवाणू शोधला. त्यापासून मिळालं हॅमायसिन, बुरशीवरचं औषध. केवढी अभिमानाची गोष्ट!

शोधायची रीत बघा. चिमूटभर माती पाण्यात पातळ करून पेट्री डिशमधल्या आगरवर पसरायची. काही दिवसांनी खडूच्या भुकटीसारखी कोरडी, पांढुरकी वसाहत उगवते. तिच्याशेजारी बुरशी वाढवायची. मध्ये स्वच्छ पट्टा राहिला, तर वसाहतीतून काहीतरी मारक झिरपतंय. मात्र बहुतेकदा जुनंच रसायन पुन्हा हाती लागतं. शिवाय मातीतले बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. अमेरिकेत असा एक जिवाणू मातीतच वाढवला, म्हणून २०१५ साली टेक्सोबॅक्टिन हे नवं अँटिबायोटिक जगापुढे आलं.

मायक्रोबायॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनो, प्रोजेक्टसाठी आपल्या गावची माती तपासाच!