आईच्या जोरावर

काँगोच्या जंगलातल्या वांबा या गावाजवळ ताकायोशी कानो या जपानी शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात ऊस ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक होते बोनोबो नावाचे लाजरेबुजरे, बिनशेपटीचे कपी. उसाच्या जागी नर बहुधा आधी पोचत. पण माद्या आल्या, की हे दांडगे गडी मोक्याच्या जागा सोडून निमूट बाजूला सरत. म्हणजे पहिले येण्यात मर्दुमकी नव्हतीच. बायका यायच्या आत चार घास पदरात पाडून घ्यायची घाई होती!

बोनोबो हा चिंपांझीचा सख्खा भाऊ म्हणावा असा प्राणी. वेगळी जात म्हणून त्याला मान्यता मिळाली ती १९३३मध्ये. तो राहतो फक्त काँगो नदीच्या दक्षिणेला, काँगो लोकशाही प्रजासत्ताकात, म्हणजे पूर्वीच्या झाईरमध्ये. आपल्याला हे दोघेही सारखेच जवळचे. तरी माणसाच्या मूळ स्वभावाबद्दल बोलताना दाखला दिला जातो तो चिंपांझीचा. तिथे नरांचे राज्य. टांझानियातल्या गोंबे इथे जेन गुडाल यांनी १९७४ ते १९७८ या काळात एका टोळीच्या नरांनी शेजारची टोळी संपवल्याची नोंद केली, आणि पुरुषी वर्चस्व ही निसर्गाचीच रीत, असे म्हणायला अनेकांना आधार मिळाला. उसाच्या कडेला थांबलेले ते नर या म्हणण्यात बसत नाहीत.

बोनोबो नर मादीपेक्षा अंगापिंडाने मोठा, सुळेही मोठे. मग तो नमतो का? कारण मादी एकटी नसते. वयात आलेली मुलगी जन्माची टोळी सोडून परक्या टोळीत जाते. चिंपांझीतही बहुधा मुलीच घर सोडतात, पण तिथे त्या बऱ्याचदा एकेकट्या वावरतात. बोनोबोंची नवी मुलगी मात्र सासरी आलेल्या शहाण्या सुनेसारखी एखादी वडीलधारी मादी हेरते, तिच्या मागेमागे राहते, तिच्या अंगावरचे केस विंचरते, तिला बिलगते. रक्ताचे नाते नसलेल्या या बायका पुढे जन्माच्या मैत्रिणी होतात.

या बिलगण्यात शरीरसंबंधही येतो, हे संकोच बाजूला ठेवून सांगायला हवे. फळांनी लगडलेले झाड दिसले, की चिंपांझींत हमरीतुमरी होते. बोनोबो आधी एकमेकांच्या अंगाशी लागतात, ताण उतरला की खायला बसतात. नर-मादी आणि मादी-मादी, दोन्ही.

याचा पिल्लांशीही संबंध असावा. आपल्या ओळखीच्या काळ्या तोंडाच्या वानरांचे उदाहरण घ्या. धारवाडजवळ १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने पाहिले, की कळप बळकावणारा नवा हुप्प्या तान्ही पिल्ले मारतो. अंगावरचे पिल्लू गेले, की आई लवकर माजावर येते. बोनोबो मादी अनेक नरांशी संग करते, त्यामुळे बाप कोण हे कोणत्याच नराला कळत नाही. शिवाय पिल्लाला त्रास दिला, तर चार-पाच माद्या एकदम धावून येतात. सहा टोळ्यांच्या सुमारे तीस वर्षांच्या नोंदी २०२५मध्ये प्रसिद्ध झाल्या. माद्यांनी एकजुटीने केलेल्या हल्ल्यांपैकी ८५ टक्के नरांवर होते.

म्हणून बोनोबोंना साधुसंत समजू नये. नरांची आपसातली मारामारी चिंपांझींहून जास्त वेळा होते, असे २०२४मध्ये दिसून आले. फक्त ती सहसा जिवावर बेतत नाही.

मुलगे मात्र जन्मभर आईच्या टोळीतच राहतात, आणि त्यांचा मान आईच्या मानावर ठरतो. वांब्यातली कामे नावाची मादी टोळीत सर्वांत वरची होती. तिचे तीन मुलगे, थोरला नरांचा म्होरक्या. कामे थकली आणि मुलांच्या भांडणात पडेनाशी झाली. दुसऱ्या क्रमांकाच्या मादीच्या मुलाने हे बरोबर ओळखले आणि तो कुरापती काढू लागला. त्याची आई त्याच्या पाठीशी. शेवटी दोघी आयाच एकमेकींना भिडल्या, जमिनीवर लोळल्या, आणि कामे खाली दाबली गेली. त्यानंतर ती सावरली नाही. तिची मुले मधल्या पायरीवर घसरली, ती गेल्यावर तर पार कडेला पडली. म्होरकेपण दुसरीच्या मुलाकडे गेले.

आई अशी मुलाच्या संसारातही लक्ष घालते. तो मादीजवळ असताना इतर नरांना हुसकावते, त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या समागमात विघ्न आणते. मार्टिन सुरबेक आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये दाखवले, की आई टोळीत असलेल्या नराला बाप होण्याची संधी सुमारे तिप्पट असते. चिंपांझींत असा फायदा आढळला नाही.

मुलीच्या वाट्याला यातले काही येत नाही. तिला पिल्लू होते तेव्हा आई जंगलात दुसरीकडे, मुलांच्या मागे असते. मुलीजवळ असते ती नव्या टोळीत पहिल्या दिवसांत हेरलेली परकी म्हातारी.