अधिसूचित संसर्गजन्य रोगांचे राष्ट्रीय सर्वेक्षण : स्वरूप, कार्यपद्धती आणि मर्यादा

प्रस्तावना

संसर्गजन्य रोगाचा फैलाव रोखावयाचा असेल, तर रोगाची वार्ता रोगापेक्षा अधिक वेगाने पोहोचली पाहिजे. रोगसर्वेक्षणाची सारी व्यवस्था या साध्या तत्त्वावर उभी आहे. ज्या रोगाचा रुग्ण आढळल्यास शासनास कळविणे डॉक्टर, रुग्णालय वा प्रयोगशाळा यांवर बंधनकारक असते, त्यास अधिसूचित रोग म्हणतात. प्रस्तुत लेखात भारतातील या व्यवस्थेची पार्श्वभूमी, कार्यपद्धती आणि मर्यादा यांचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली आणि पुढील वर्षी साथरोग प्रतिबंधक कायदा संमत झाला. या कायद्याने शासनास व्यापक अधिकार दिले. परंतु पुण्यात घरझडतीच्या वेळी झालेल्या जुलमामुळे लोकांत तीव्र असंतोष पसरला. रुग्ण लपविण्याकडे कल वाढला आणि जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. भयापोटी माहिती दडते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यात गाठीच्या आणि त्यानंतर सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण नोंदविले गेले. लक्षावधी लोकांनी सुरत सोडली. अनेक देशांनी भारताशी असलेल्या प्रवासावर व व्यापारावर निर्बंध घातले. वेळीच इशारा देणाऱ्या व्यवस्थेची उणीव या घटनेने उघड केली. परिणामी १९९७-९८ मध्ये संसर्गजन्य रोगांसाठी राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प हाती घेण्यात आला.

कार्यपद्धती

या प्रकल्पात माहिती तीन प्रकारच्या नमुन्यांत संकलित करण्याची पद्धत रूढ झाली. उपकेंद्रातील आरोग्यसेविका ताप, खोकला, जुलाब, कावीळ अशा लक्षणांवरून ‘एस’ नमुना भरते. वैद्यकीय अधिकारी संभाव्य निदानाचा ‘पी’ नमुना भरतात. तर प्रयोगशाळेने खात्री केलेल्या रुग्णांची नोंद ‘एल’ नमुन्यात होते. पहिला नमुना लवकर मिळतो, पण ढोबळ असतो. तिसरा विश्वसनीय, पण विलंबाने येतो. तिन्ही एकत्र वाचल्यानेच वेग आणि अचूकता यांचा मेळ बसतो. ही माहिती प्रारंभी दर आठवड्याला जिल्हा व राज्य कक्षांमार्फत दिल्ली येथील राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडे जात असे. एप्रिल २०२१ मध्ये एकात्मिक आरोग्य माहिती मंचाची सुधारित आवृत्ती राष्ट्रीय स्तरावर सुरू झाल्यानंतर संगणकीय नोंदणीमुळे हा कालावधी कमी झाला.

आकड्यांचा अर्थ

सर्वेक्षणातील आकडा हा रोगाचा नसून नोंदीचा असतो, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. क्षयरोग २०१२ मध्ये अधिसूचित करण्यात आला. २०१९ मध्ये देशात क्षयरुग्णांच्या सुमारे २४ लाख नोंदी झाल्या. २०२० मध्ये त्या सुमारे १८ लाखांवर आल्या. रोग ओसरला नव्हता. कोविडच्या काळात रुग्ण तपासणीपर्यंत पोहोचू शकले नव्हते. नोंदीबाहेर राहिलेला रुग्ण उपचारास मुकतो आणि नकळत इतरांना संसर्ग देत राहतो.

मग रुग्ण खरोखरच नाहीत की शोधलेच गेले नाहीत, हे कसे ओळखावे? पोलिओ सर्वेक्षणाने याचे उत्तर दिले. पंधरा वर्षांखालील बालकांत अचानक येणारा लुळेपणा पोलिओखेरीज अन्य कारणांनीही उद्भवतो. अशा रुग्णांचे प्रमाण दर लाख बालकांमागे किमान दोन आढळावे, अशी कसोटी भारताने ठेवली. तेवढे रुग्ण सापडत असतील, तरच पोलिओचा ‘निरंक’ अहवाल ग्राह्य मानता येतो. जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात अखेरचा नैसर्गिक पोलिओरुग्ण आढळला आणि मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, ते याच शोधाच्या बळावर.

मर्यादा

सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने अधिसूचित रोगांची यादी सर्व राज्यांत एकसारखी नाही. बहुसंख्य रुग्ण प्रथम खाजगी डॉक्टरांकडे जातात. तेथील नोंदणी अपुरी राहते. शिवाय साथ जाहीर झाल्यास ठपका येईल, या धास्तीने नोंद टाळण्याची प्रवृत्तीही संभवते.

निष्कर्ष

कायद्याचा धाक नोंद मागू शकतो. प्रामाणिक नोंद मात्र विश्वासातूनच येते. रुग्णाची गोपनीयता जपणे, नोंद करणाऱ्यास दोषी न धरता त्याला निष्कर्ष परत कळविणे आणि निरंक अहवालही पारखून घेणे, या तीन गोष्टी साधल्यास सर्वेक्षण कागदावर न राहता समाजाचे संरक्षण करू शकेल.